टोपी हातात

मास्तरांच्या शब्दावर डोळे मिटून विसंबावं, असं कंपनीत मालकापासून हमालापर्यंत सगळे म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काय जातं? कौतुक करून लोक मोकळे होतात, आणि पुढे ते सांभाळायचं काम घरच्यांच्या गळ्यात पडतं. इथे ते लेकीच्या गळ्यात पडलं होतं.

मास्तर शाळेतले नव्हेत. जिथे पाणी मारून आग विझवता येत नाही, अशा रंगाच्या, तेलाच्या, विजेच्या खोल्यांमध्ये गॅसच्या यंत्रणा बसवायचं त्यांचं काम. त्यांच्या हाताखाली इतके वायरमन तयार झाले की 'मास्तर' हेच नाव चिकटलं आणि खरं नाव फक्त बँकेला ठाऊक उरलं. लेक त्यांच्याबरोबर कामाला यायला लागली तेव्हा तिचं नाव 'छोटे मास्तर' पडलं. आधी चिडवायला पडलं, मग तेच रुळलं.

काम सांगायला सोपं आहे. खोलीच्या छताला धूर ओळखणारे डिटेक्टर, दाराबाहेर भिंतीवर पॅनल, आणि मागच्या अंगाला एका अरुंद खोलीत गॅसच्या बाटल्यांची रांग. आग लागली की पॅनल आधी भोंगा वाजवतं. आतल्यांनी पळावं म्हणून अर्धा मिनिट थांबतं. मग पहिल्या बाटलीच्या डोक्यावर बसवलेल्या सोलेनॉइडला करंट पाठवतं. सोलेनॉइडमधली पिन खाली आपटते, ती बाटली उघडते, तिच्यामागोमाग बाकीच्या उघडतात, आणि सगळा गॅस पाइपातून खोलीत घुसतो. आग गुदमरते. आत माणूस राहिला असेल तर तोही गुदमरतो, कारण गॅसला दोघांतला फरक कळत नाही.

ह्या सोलेनॉइडला मास्तर टोपी म्हणायचे. बाटलीच्या डोक्यावर बसते म्हणून टोपी, ह्यापलीकडे त्यात काही खोल अर्थ नव्हता. जोडणी झाली की टेस्ट घ्यायची, आणि टेस्ट घ्यायची तर करंट खराखुरा सोडावा लागतो. म्हणून आधी टोपी बाटलीवरून काढून हातात धरायची. बटण दाबलं की हातातल्या टोपीची पिन 'टक' करून हवेतच उडते, आणि वायरिंग बरोबर आहे हे कळतं. फक्त पॅनल पुढे आणि बाटल्या मागे. मध्ये भिंत. एकाला दुसरा दिसत नाही. म्हणून बाटल्यांजवळच्या माणसानं ओरडून सांगायचं, "टोपी हातात!" आणि मग पॅनलजवळच्यानं बटण दाबायचं.

ह्यात मास्तरांचे दोन कायदे होते. टोपी खरोखर हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि एकदा ऐकलं की 'नक्की ना?' असं पुन्हा विचारायचं नाही. "दोनदा विचारायची सवय लावलीत, तर पहिल्या वेळी माणूस निष्काळजीपणानं बोलायला लागतो," ते सांगायचे. कुणी दुसऱ्यांदा विचारलं तर ते पाने-पक्कड पिशवीत भरून सरळ घरी निघून जात. दोन-चार वायरमन त्यांनी असे सुतासारखे सरळ केले होते. बटण दाबायच्या आधी मागे जाऊन बघून यायचं, हे तर कुणाच्या डोक्यातही येत नसे. मास्तरांनी सांगितलं ना, मग विषय संपला.

गेल्या उन्हाळ्यापासून मास्तर विसरायला लागले होते.

आधी घरात. सुट्टीच्या दिवशी सकाळी बूट घालून, डबा मांडीवर घेऊन दाराशी बसले. आई म्हणाली, "अहो, आज कुठे?" तर म्हणाले, "गाडी येईल ना." आईनं बूट काढून घेतले आणि गाडीवाल्यानं सुट्टी घेतलीय असं काहीतरी सांगितलं. मग कामावर. एकाच टर्मिनलचे स्क्रू त्यांनी पुन्हा पुन्हा आवळले आणि शेजारचं तसंच सैल सोडलं. ते चहाला गेले की लेक पॅनल उघडायची, सगळे जोड तपासायची, नीट करायची आणि झाकण लावून ठेवायची. परत आल्यावर ते झाकणावर थाप मारून म्हणायचे, "बघ, काम कसं हवं." ती म्हणायची, "हो ना."

"कुणाच्या कानावर घालू नकोस," आई तिला स्वयंपाकघरात म्हणाली होती. "हे काम गेलं तर माणूस उभाच्या उभा कोसळेल. तू आहेस ना बरोबर? बघ जरा."

ती बघत होती. वायरिंगकडे बघता येत होतं. पण भिंतीपलीकडून आवाज आला, की तिला बटण दाबावंच लागत होतं.

त्या दिवशीचं काम लाकडी सामानाच्या कारखान्यात होतं. रंग कालवायच्या खोलीची यंत्रणा जुनी होती, तिचं पॅनल जळालं होतं. बाटल्या त्याच ठेवून पॅनल, भोंगा, बटणं आणि टोपी नवीन बसवायची होती. खोलीत दोन बायका काम करत होत्या, नणंद-भावजय. दोघींचे हात कोपरापर्यंत रंगानं माखलेले आणि तोंडं अखंड चालू.

"मास्तर, तुमच्या त्या गॅसनं रंग लवकर वाळतो का हो?" भावजयीनं विचारलं.

"रंगाचं माहीत नाही," मास्तर शिडीवरून म्हणाले. "बोलणारी तोंडं मात्र बंद होतात."

"मग आधी हिच्यावर सोडा," नणंद म्हणाली, आणि तिघंही हसले. लेक वायर सोलत होती, तीही हसली. सकाळ चांगली गेली. वडिलांचा हात चालत होता. पाइपातून वायरी ओढल्या, प्रत्येकीला खुणेची पट्टी लावली, पॅनलच्या आत वायरी अशा वळवल्या की बघत राहावं. लेकीला वाटलं, आपण उगाच जीव टांगणीला लावून बसलो आहोत. माणसाचं वय होतं, थोडं इकडेतिकडे होणारच.

नवी टोपी मास्तरांनी बाटलीवर बसवून पाहिली, कारण वायर कुठे आणि किती लांब कापायची ते बसवल्याशिवाय कळत नाही. जुनी काढून बाजूला ठेवली.

दुपारी टेस्टची वेळ झाली. टेस्टच्या वेळी खोली रिकामी हवी, हा मास्तरांचा आणखी एक हट्ट. एरवी ते दाराच्या चौकटीत उभे राहत, आणि आतला शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत मालक येवो की मालकाचा बाप, हलत नसत. पण सुपरवायझर धावत आला. ह्या सुपरवायझर लोकांना कुठलीही गोष्ट सांगा, त्यांना ती नेमकी त्या वेळी परवडत नाही.

"आता नाही हं बाहेर काढता येणार! रंगात हार्डनर पडलाय. आता ढवळणं थांबलं तर पिंपातच दगड होईल. टोपी का काय ती काढता ना तुम्ही? मग गॅस येणार कुठून?"

"नाही येणार," मास्तर म्हणाले.

"मग राहू दे की बायकांना आत."

"राहू दे," मास्तर म्हणाले.

लेकीनं चमकून वडिलांकडे पाहिलं. ते हात पुसत मागच्या खोलीकडे निघालेही होते. एवढ्या पटकन ते कधी कुणाचं ऐकत नसत. तिला बोलावंसं वाटलं, पण सुपरवायझरच्या देखत वडिलांचा शब्द कसा मोडायचा? ती दारातून आत डोकावली आणि म्हणाली, "मावशी, आता भोंगा वाजेल, मोठा. घाबरू नका आणि काम सोडून पळू नका. टेस्ट आहे."

"आम्ही कशाला पळतोय?" नणंद म्हणाली. "हिच्या घोरण्यापेक्षा मोठा असेल का?"

लेक पॅनलपाशी आली. गॅस सोडायच्या पिवळ्या बटणाचं झाकण वर केलं. बोट बटणापाशी नेलं आणि वाट बघू लागली.

"टोपी हातात!" भिंतीपलीकडून आवाज आला. खणखणीत, नेहमीसारखा.

तिचं बोट बटणावर टेकलं आणि तिथंच थांबलं. का, ते तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. आवाजात काही कमी नव्हतं. पण आत दोघी बायका पिंपावर वाकल्या होत्या, आणि पळू नका असं त्यांना तिनंच बजावलं होतं. बाबांनी ज्यांना एरवी आत राहू दिलं नसतं, त्यांना आज राहू दिलं होतं. तिनं बोट मागे घेतलं. झाकण बंद केलं. भिंतीला वळसा घालून ती मागे निघाली, आणि चालता चालता तिला लाज वाटत होती. इतक्या वर्षांत बाबांचा शब्द कुणी तपासला नव्हता. तो आता त्यांच्या पोटची पोर तपासायला निघाली होती.

मास्तर बाटल्यांकडे पाठ करून उभे होते. उजव्या हातात टोपी होती, ते सगळ्यांना शिकवायचे तशी छातीशी घट्ट धरलेली. तिच्या दोन वायरी खाली लोंबत होत्या. दोन्हींची टोकं तोडलेली होती.

ती जुनी टोपी होती.

नवी बाटलीच्या डोक्यावर बसलेली होती, आवळून पक्की. तिची वायर नीट वळणं घेत भिंतीतून पॅनलकडे गेली होती. जोडणी नेहमीप्रमाणे उत्तम होती, म्हणजे गॅस नक्की सुटला असता.

"काय झालं? दाबलं नाहीस?" मास्तरांनी विचारलं. "मी ओरडलो ना?"

तिला वाटलं, काहीतरी थाप मारावी. टेस्टर राहिला म्हणावं, पुढे जाऊन त्यांच्याकडून पाना घ्यावा, बोलता बोलता बाटलीवरची टोपी फिरवून काढावी. इतके महिने तिनं तेच केलं होतं. थाप ओठांवर आलीही होती. पण तोंडून वेगळंच निघालं.

"बाबा, तुमच्या हातात जुनी आहे."

मास्तरांनी हाताकडे पाहिलं. तोडलेल्या वायरींकडे पाहिलं. मग हळूच वळून बाटलीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा काही वेळ नुसता कोरा राहिला, आणि मग त्यांना कळलं. त्यांना ते कळताना तिनं पाहिलं. वडिलांना असं होताना कुठल्याच लेकीला बघावं लागू नये.

"हातात होती," ते म्हणाले. "मी हाताला विचारलं, हात म्हणाला आहे."

"हो बाबा."

"खोटं नाही बोललो मी."

"मला माहीत आहे."

भिंतीपलीकडून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. मास्तर एका खोक्यावर बसले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग विचारलं, "तू बघायला का आलीस?"

आता मागे वळायला जागा नव्हती. "तुमच्या शब्दावर भरवसा वाटला नाही म्हणून."

ती त्यांच्या रागाची वाट बघत होती. दोनदा विचारलं म्हणून पिशवी उचलून निघून जाणारा हा माणूस. आज तर तिनं विचारलंही नव्हतं, सरळ तपासलं होतं. पण ते रागावले नाहीत. "बरं केलंस," म्हणाले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. "आजच वाटलं, की आधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्यापासून," ती म्हणाली. आता सांगायचंच तर सगळं सांगावं, म्हणून तिनं सगळं सांगितलं. सैल राहिलेले स्क्रू. झाकण उघडून पुन्हा केलेले जोड. दाराशी घातलेले बूट. आई काय म्हणाली ते. ते मान खाली घालून ऐकत होते. सांगताना तिला हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटतंय ह्याचंच वाईट वाटत होतं.

तिचं संपल्यावर त्यांनी मान वर केली. आणि आता मात्र त्यांच्या डोळ्यांत राग होता. तिच्या ओळखीचा, सगळ्या वायरमन लोकांच्या ओळखीचा मास्तरांचा राग.

"उन्हाळ्यापासून भरवसा नव्हता," ते म्हणाले. "आणि उन्हाळ्यापासून बटण दाबत होतीस?"

तिनं मान डोलावली.

"त्या गोदामात दाबलंस. छापखान्यात दाबलंस. मी ओरडलो आणि तू दाबलंस. मनात शंका ठेवून दाबलंस."

"बाबा, तेव्हा खोल्या रिकाम्या होत्या…"

"छापखान्यात मी बाटल्यांजवळ कुणाबरोबर उभा होतो? तो पेंटर होता की नाही बरोबर? गॅस सुटला असता आणि त्या पाइपाचा जोड निखळला असता तर?" ते उठून उभे राहिले. "मी विसरतो. माझं डोकं गेलंय, त्याला माझा इलाज नाही. तुझं तर शाबूत आहे ना? तू कसं दाबलंस?"

"तुमचा मान राहावा म्हणून," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला ते किती पोकळ आहे ते ऐकू आलं.

"माझा मान," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "माझा मान कसला गं? आतला माणूस संध्याकाळी घरी जातो, तेवढाच माझा मान. तोच तू पणाला लावलास."

ती रडली नाही. रडायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. मास्तरांनी जुनी टोपी खोक्यावर ठेवली आणि भिंतीला धरून पुढे गेले. रंगाच्या खोलीच्या दारात उभे राहिले. "बायांनो, बाहेर या," म्हणाले.

"अहो मास्तर, रंग दगड होईल," भावजय म्हणाली.

"होऊ दे."

आवाजच असा होता की दोघी ढवळण्या टाकून मुकाट्यानं बाहेर आल्या. सुपरवायझर तावातावानं आला, म्हणाला, "अहो, अख्खं पिंप फुकट जाईल, जबाबदार कोण?"

"मी," मास्तर म्हणाले. मग दोघींकडे वळून त्यांनी हात जोडले. "आता माझ्या हातून तुम्ही दोघी मेला असता. टोपी बाटलीवरच होती, आणि मी हातात आहे म्हणून ओरडलो. हिनं बघितलं म्हणून वाचलात."

नणंदेनं भावजयीचा रंगानं माखलेला हात धरला. दिवसभर चाललेली दोघींची तोंडं बंद झाली होती. शेवटी भावजय म्हणाली, "असू द्या मास्तर. झालं तर नाही ना काही."

"ह्या वेळी नाही झालं," ते म्हणाले. सुपरवायझरकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते लेकीला म्हणाले, "आपल्या मालकाला फोन लाव."

तिनं नंबर लावला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो परत तिच्याकडे ढकलला.

"तू बोल. मी बोललो तर त्याला वाटेल मास्तर कशावर तरी रुसलाय. उद्या घरी येऊन समजूत काढेल, आणि माझी समजूत पटेलही, कारण आजचं मला आठवणार नाही. तू सांग. उद्यापासून मी कामावर नाही."

"हॅलो? बोला छोटे मास्तर," फोनमधून मालकाचा आवाज आला. "टेस्ट झाली?"

"नाही," ती म्हणाली. "साहेब, एक सांगायचं होतं. बाबा उद्यापासून कामाला येणार नाहीत. त्यांची तब्येत जरा…"

मास्तरांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "तब्येतीला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "खरं आहे ते सांग."

दोघी बायका बघत होत्या, सुपरवायझर बघत होता. तिला वाटलं, हे सगळे इथून निघून जावेत, भिंतीसुद्धा निघून जाव्यात. इतके महिने हे वाक्य तिनं आईलाही पुरतं म्हटलं नव्हतं, स्वतःशीही नाही.

"बाबांना आठवत नाही," ती म्हणाली. "हातात काय आहे ते त्यांना कळत नाही. मला उन्हाळ्यापासून माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही."

मास्तर मान हलवत होते. तिनं एखादा अवघड जोड पहिल्यांदा बरोबर केला की ते अशीच मान हलवायचे.

मग मालकानं खोल आवाजात विचारलं, "मग आज पुढे काय? टेस्ट कोण घेणार?"

"मी घेते."

"एकटी?"

तिनं वडिलांकडे पाहिलं. ते आता दाराबाहेरच्या बाकावर नणंद-भावजयीच्या मधे जाऊन बसले होते. दोघींनी सरकून त्यांना जागा दिली होती.

"दुसरा माणूस येईपर्यंत थांबते म्हणावं," मास्तर म्हणाले. "आणि खोली रिकामी."

"दुसरा माणूस येईपर्यंत थांबते," तिनं फोनमध्ये सांगितलं. "खोली रिकामी केली आहे." एवढं बोलून तिनं फोन ठेवला, आणि मग वडिलांसमोर उभी राहून ती हमसून हमसून रडली.